फोकाच्चाचं पीठ चिकटतं, चिकटू द्या

घरी फोकाच्चा, म्हणजे इटलीतला ऑलिव्ह तेलातला चपटा पाव, करायला घेतलेल्या आपल्याकडच्या माणसाला ओव्हन अडवत नाही, ऑलिव्ह तेलाची किंमतही अडवत नाही. अडवतो तो वर्षानुवर्षं पोळ्यांची कणीक मळलेला हात. पीठ बोटांना चिकटलं की हा हात कुणालाही न विचारता पिठाच्या डब्याकडे वळतो, मूठभर पीठ भुरभुरवतो आणि गोळा गुळगुळीत होईपर्यंत मळत बसतो. पोळीसाठी हे अगदी बरोबर आहे. फोकाच्चाचं मात्र तिथेच बिनसतं. त्या मूठभर पिठानं पाण्याचं प्रमाण ढळतं आणि भाजल्यावर हाती येतो एक जड, कोरडा ठोकळा. तेव्हा कृतीकडे वळण्याआधी या चिकटपणाचं कारण समजून घेऊ.

त्याही आधी, आपण नेमकं काय करणार आहोत? इटलीच्या वायव्येला, डोंगर आणि समुद्र यांच्या मधोमध लिगुरिया नावाचा चिंचोळा प्रांत आहे. जेनोआ हे बंदर त्याची राजधानी. फोकाच्चाचे इटलीभर अनेक प्रकार आहेत, पण नुसतं ‘फोकाच्चा’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तो बहुतेक वेळा जेनोआचा. जेमतेम दोन सेंटीमीटर जाड, वर बोटांनी पाडलेले खड्डे, खालून तेलात तळल्यासारखी कुरकुरीत कड आणि आत मऊ, ओलसर जाळी. तिथल्या बेकऱ्यांमध्ये तो मोठ्या ट्रेमधून कापून वजनावर विकतात आणि लोक तो सकाळी सकाळी कापुचिनोत बुडवून खातात. खारट, तेलकट पाव दुधाच्या कॉफीत? चहात खारी बुडवणाऱ्यांनी नाक मुरडायचं काही कारण नाही. खाताना कित्येक जण तुकडा उलटा धरतात, म्हणजे वरचं मीठ थेट जिभेवर येतं.

पिझ्झाशी त्याचं नातं आहे, पण कामाची पद्धत वेगळी. पिझ्झाचं पीठ पातळ पसरून, वर सॉस-चीज घालून, जमेल तितक्या कडक आचेवर झटपट भाजतात. फोकाच्चाचं पीठ ट्रेमध्ये पसरल्यावर पुन्हा फुगू देतात, त्यात आणि त्याखाली सढळ हातानं तेल असतं आणि वर सॉस नसतो. इथे ब्रेडचीच चव घ्यायची असते, त्यामुळे ब्रेड फसला तर झाकायला काही उरत नाही.

आता पिठाकडे. गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन अशी दोन मुख्य प्रथिनं असतात. पाणी लागलं की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेनचं जाळं तयार होतं. ग्लुटेनिनमुळे पिठाला ताण सोसायची ताकद येते, ग्लायडिनमुळे ते लांबतं. यीस्टनं सोडलेला कार्बन डायऑक्साइड या जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगतं. पाणी जास्त असेल तर जाळं सैल राहतं, बुडबुडे मोठे होऊ शकतात आणि भाजताना भरपूर वाफ धरते. फोकाच्चाची मोठी, वेडीवाकडी जाळी येते ती इथून.

बेकरीत पाण्याचं प्रमाण पिठाच्या वजनावर मोजतात. पीठ १०० धरायचं आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत. पोळीच्या कणकेतही १०० ग्रॅम पिठाला ६०-६५ ग्रॅम पाणी सहज जातं. फोकाच्चाला आपण ७० ते ७२ टक्के घेणार आहोत. फरक फार नाही, मग कणीक हाताला सुटते आणि हे पीठ लगदा का होतं? उत्तर जात्यात आहे. चक्कीच्या दगडांमध्ये गहू रगडला जाताना तापतो आणि स्टार्चचे बरेच कण फुटतात. फुटलेले कण कितीतरी जास्त पाणी ओढून घेतात. शिवाय कोंडाही पाणी पितो. मैदा रोलर मिलमध्ये निघतो, त्यात कोंडा जवळपास नसतो आणि स्टार्च कमी फुटतो, म्हणून तेवढंच पाणी त्यात मोकळं राहतं आणि बोटांना लागतं.

यातून आणखी एका नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं: घरच्या चक्कीच्या आट्याचा फोकाच्चा होईल का? होईल, पण जाळी येणार नाही. कोंड्याचे कण ग्लुटेनच्या जाळ्यात अडथळा आणतात आणि ब्रेड दाट होतो. हौस असेल तर पिठाचा पाचवा हिस्सा आटा घ्यावा आणि त्यासाठी चमचा-दोन चमचे पाणी वाढवावं. पूर्ण आट्याचाच हवा असेल तर थालीपीठ करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मैद्याच्या पुड्यावर १०० ग्रॅमला किती प्रथिनं ते छापलेलं असतं. आपल्याकडे तो आकडा साधारण १० च्या आसपास दिसतो. ब्रेडसाठी १२ असला तर बरं. परदेशातल्या कृतींमध्ये ८० टक्के पाणी सांगतात ते १२-१३ टक्के प्रथिनांच्या पिठाला. साध्या मैद्यात तेवढं पाणी घातलं तर ते जाळं पेलत नाही आणि पीठ ट्रेभर नुसतं पसरतं. तिथल्या कृती इथे फसण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. गंमत म्हणजे जेनोआचे बेकर स्वतः पिठात एवढं पाणी घालतच नाहीत, त्यांचं प्रमाण ६० टक्क्यांच्या आतबाहेर असतं. उरलेला ओलावा ते वरून देतात. कसा, ते पुढे येईलच. ८० टक्क्यांचा थलथलीत, बुडबुड्यांचा फोकाच्चा ही अलीकडची घरगुती फॅशन आहे. वाईट नाही, पण ती परीक्षा पहिल्याच दिवशी द्यायची गरज नाही. ताकद वाढवायची असेल तर दुकानात ‘व्हायटल ग्लुटेन’ नावाची पूड मिळते. तिच्यात सुमारे ७५ टक्के प्रथिनं असतात, त्यामुळे ३५० ग्रॅम मैद्यात १० ग्रॅम घातली की एकूण प्रथिनं १२ टक्क्यांच्या जवळ जातात.

प्रमाण असं घ्या. २५ सेंटीमीटरच्या चौकोनी ट्रेला ३५० ग्रॅम मैदा, २५० ग्रॅम पाणी, ७ ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम म्हणजे सपाट चमचाभर इन्स्टंट यीस्ट, १५ ग्रॅम ऑलिव्ह तेल आणि अर्धा चमचा साखर. वजनकाटा वापराच. कपानं मोजलेला मैदा दाबून भरला की चाळून भरला यावर वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि इथे तर सगळा खेळ दहा-पंधरा ग्रॅम पाण्याचा आहे. साखर गोडीसाठी नाही. पिठातली अमायलेज ही विकरं स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतात, तिच्यावर यीस्ट जगतं आणि उरलेल्या साखरेमुळे ब्रेडला तपकिरी रंग चढतो. आपला गहू कडक उन्हात, कोरड्या हवेत कापला जातो, त्यामुळे त्यात ही विकरं कमी असतात. चिमूटभर साखर ती उणीव भरून काढते. जेनोआत यासाठी थोडं मॉल्ट, म्हणजे मोड आणलेल्या धान्यापासून केलेला गोडसर पदार्थ, घालतात.

मैदा, मीठ, यीस्ट, साखर एकत्र करून पाणी आणि तेल घाला. कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच चमच्यानं हलवा आणि झाकून अर्धा तास विसरून जा. दिसायला ते गाठीगाठींचं, ओबडधोबड असेल. ग्लुटेन तयार व्हायला मळणं हा एक मार्ग आहे, नुसता वेळ हा दुसरा. प्रथिनं ओली झाली की आपसूक जुळायला लागतात.

अर्ध्या तासानं हात पाण्यात बुडवा. पिठात नाही, पाण्यात. भांड्याच्या कडेनं बोटं खाली सरकवून पिठाची एक बाजू उचला, फाटायच्या बेतात येईपर्यंत वर ताणा आणि पलीकडच्या कडेवर दुमडा. भांडं पाव वळसा फिरवा, पुन्हा तेच. चार बाजू झाल्या की एक फेरी झाली. पहिल्या फेरीत पीठ तुटेल, बोटांना लोंबेल. पुन्हा अर्ध्या तासानं दुसरी फेरी करा, तेव्हा ते लांबताना दिसेल आणि तिसऱ्या फेरीत हाताखाली त्याची पृष्ठभागाची त्वचा ताणलेली, गुळगुळीत लागेल. तोच मैदा, तेवढंच पाणी, वरून चिमूटभरही पीठ नाही. चिकटपणा गेलेला नसतो, पाणी जाळ्यात बांधलं गेलेलं असतं. हा बदल एकदा बोटांना कळला की पिठाच्या डब्याकडे जाणारा हात आपोआप थांबतो.

तिसऱ्या फेरीनंतर पीठ झाकून फुगू द्यायचं. यीस्ट ही एक बुरशी आहे आणि ती तापमानावर चालते, घड्याळावर नाही. २५ ते ३० अंशांत तिचं काम छान चालतं. साधारण आठ-दहा अंश तापमान उतरलं की वेग निम्म्यावर येतो आणि ५५-६० अंशांच्या पुढे ती मरते. म्हणूनच ‘दीड तास फुगू द्या’ हे वाक्य अर्धवट आहे. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी तासाभरात पीठ भांड्याबाहेर डोकावेल, पुण्यात डिसेंबरात त्याला तीन तास लागतील. उन्हाळ्यात फ्रीजचं पाणी घ्या, थंडीत कोमट, पण हाताला सहज सोसवेल इतकंच. आणि वेळेपेक्षा पिठाकडे बघा: आकार जवळपास दुप्पट झाला, भांडं हलवल्यावर थरथरलं आणि कडेला बुडबुडे दिसले की झालं.

खरी चव हवी असेल तर यीस्ट निम्मं करा आणि तिसऱ्या फेरीनंतर पीठ तेल लावलेल्या डब्यात झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. बारा तास चालतील, चोवीसही चालतील. थंडीत यीस्ट मंदावतं, पण विकरं हळूहळू काम करत राहतात, आम्लं आणि सुगंधी द्रव्यं साठत जातात. दोन तासांत उरकलेल्या ब्रेडला यीस्टचा वास येतो, रात्रभर ठेवलेल्याला ब्रेडचा. शिवाय गार पीठ हाताळायला सोपं जातं. बाहेर काढल्यावर मात्र त्याला ट्रेमध्ये दीड-दोन तास द्या, घाई करू नका.

ट्रेमध्ये दीड-दोन मोठे चमचे तेल ओता, पीठ त्यात उलथवा, एकदा फिरवून दोन्ही बाजूंना तेल लावून घ्या आणि बोटांनी कडेकडे ढकला. मागे मागे येत असेल तर जबरदस्ती नको. पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा, ग्लुटेन सैलावतं आणि मग पीठ मुकाट्यानं कोपऱ्यात जातं.

आता तो राहिलेला ओलावा. जेनोआच्या फोकाच्चाचं जे काही वेगळेपण आहे ते इथे आहे आणि निम्म्या कृतींमध्ये नेमकी हीच पायरी गाळलेली असते. तीन-चार मोठे चमचे कोमट पाण्यात पाऊण चमचा मीठ विरघळवा, दीड मोठा चमचा ऑलिव्ह तेल घालून काट्यानं फेटा. पीठ थोडं फुगलं की बोटं सरळ उभी धरून, ट्रेच्या तळाला टेकेपर्यंत दाबत खड्डे पाडा. वरवर टोचून उपयोग नाही, ते भाजताना भरून येतात. मग हे खारं पाणी सगळ्या खड्ड्यांत ओता. ट्रेमध्ये तळं झाल्यासारखं दिसेल आणि आता ब्रेड बिघडला असं वाटेल. बिघडत नाही. तसंच पाऊण तास ठेवा, पीठ त्या पाण्याभोवती वर येतं.

ओव्हनमध्ये काय होतं बघा. खड्ड्यांमधलं पाणी जोवर उकळून संपत नाही, तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. तपकिरी रंग यायला त्याहून बरीच जास्त, १४० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. म्हणून उंचवटे सोनेरी होतात आणि खड्डे पांढरट, मऊ राहतात. पाणी वाफ होऊन जातं, मीठ आणि तेल मागे राहतं. एकाच घासात कुरकुरीत, मऊ, खारट, तेलकट असं सगळं लागतं ते यामुळे. खड्डे शोभेसाठी नाहीत: मोठे बुडबुडे दाबले जाऊन ब्रेड पापडासारखा सुटून येत नाही आणि तेल कडेला न वाहता जागच्या जागी मुरतं.

तेलाबद्दल दोन शब्द. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन तापवू नये’ या धास्तीनं पुष्कळ जण पोमेस तेल घेतात. पोमेस म्हणजे ऑलिव्हचं तेल काढल्यावर उरलेल्या चोथ्यातून रसायनानं ओढून शुद्ध केलेलं तेल, त्याला ना वास ना चव. ट्रेला लावायला चालेल, वरून नको. ब्रेडचं आतलं तापमान १०० च्या वर जातच नाही, तेव्हा तेल जळण्याची चिंता सोडा. लिगुरियाचं तेल ताज्जास्का जातीच्या ऑलिव्हचं, सौम्य, जवळपास गोडसर असतं, म्हणून फार तिखट, घसा धरणारं तेल इथे नको. घाण्याच्या शेंगदाणा तेलातही हा ब्रेड उत्तम होतो. फक्त मग त्याला जेनोआचा म्हणायचा आग्रह धरू नये.

भाजण्यासाठी ओटीजी, म्हणजे वर-खाली कॉइल असलेला छोटा विजेचा ओव्हन, असेल तर २३० अंशांवर, दोन्ही कॉइल चालू ठेवून वीस मिनिटं आधी तापवा आणि ट्रे खालच्या फळीवर ठेवा. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनवर करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. तिथे बहुधा खालून उष्णता नसते, गरम हवा वरून-बाजूनं फिरते, त्यामुळे वरचा भाग रंगतो आणि तळ पांढरा, चिवट राहतो. यावर साधा उपाय आहे. बिडाच्या तव्यात किंवा जाड बुडाच्या, गॅसवर चालणाऱ्या ट्रेमध्ये ब्रेड लावा, दोन-तीन मिनिटं मध्यम गॅसवर तळ चुरचुरू द्या आणि मग आत सरकवा. ओटीजीतही तळ फिका राहिला तर भाजून झाल्यावर हाच उपाय चालतो. बाहेर काढल्यावर गरम असतानाच वरून चमचाभर तेल फिरवा आणि ब्रेड लगेच जाळीवर काढा. ट्रेमध्ये राहिला तर वाफेनं तळ ओला होतो.

वर काय घालायचं? मूळ साध्या फोकाच्चावर काहीच नसतं, रोझमेरीसुद्धा नाही. जेनोआत कांद्याचा आणि सेज नावाचा सुगंधी पाला घातलेला हे प्रकार आवडीनं खातात. भाज्यांची बाग मांडलेले फोकाच्चा फोटोत छान दिसतात, पण २३० अंशांवर कोथिंबिरीची काळी काडी होते आणि टोमॅटोखालचं पीठ कच्चं राहतं.

टोमॅटोच हवा असेल तर इटलीच्या टाचेजवळ, पुलिया प्रांतातल्या बारीला चला. तिथे पिठात उकडून कुस्करलेला बटाटा मिसळतात. बटाट्याचा स्टार्च पाणी धरून ठेवतो आणि ब्रेड जास्त वेळ मऊ राहतो. वर छोटे टोमॅटो हातानं फोडून, फोडलेली बाजू खाली करून दाबतात, ऑलिव्ह आणि ओरेगानो घालतात. मैद्यासोबत डुरम गव्हाचा पुन्हा दळलेला बारीक रवाही असतो. आपल्याकडचा बन्सी गहू डुरम जातीचाच. बन्सी रवा मिक्सरमध्ये अगदी बारीक करून पिठाच्या चौथ्या हिश्शाइतका घातला तर रंग पिवळसर येतो आणि कड जास्त खुसखुशीत होते. याच प्रांतातल्या अल्तामुरा या ब्रेडसाठी प्रसिद्ध गावात २००१ साली मॅकडोनल्ड्स उघडलं. शेजारच्या छोट्या बेकरीतला फोकाच्चा लोकांना सोडवेना आणि दुकानाला लवकरच टाळं लागलं.

जेनोआच्या पूर्वेला किनाऱ्यावर रेक्को नावाचं गाव आहे. तिथल्या फोकाच्चात यीस्ट मुळीच नसतं. पीठ हवेत धरून जवळजवळ आरपार दिसेल इतकं पातळ ताणायचं, दोन थरांमध्ये मऊ, ताजं चीज ठेवायचं आणि कडक आचेवर भाजायचं. २०१५ पासून युरोपीय संघानं या फोकाच्चाला भौगोलिक मानांकन दिलं आहे, त्यामुळे ते नाव ठरावीक गावांच्या बाहेर वापरता येत नाही. घरी हा करायला घेणं म्हणजे वेगळंच प्रकरण, वर सांगितलेलं त्याला काही लागू पडत नाही.

केलेला ब्रेड उरला तर फ्रीजमध्ये ठेवू नका. भाजताना फुगलेला स्टार्च गार झाल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट बसतो, ब्रेड शिळा होतो तो त्यानं, आणि फ्रीजच्या तापमानाला हे सगळ्यात वेगानं घडतं. एक दिवस फडक्यात गुंडाळून बाहेर ठेवा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात त्याहून जास्त ठेवलात तर बुरशी धरते, म्हणून तुकडे करून सरळ फ्रीजरमध्ये टाका. तिथे तीन-चार आठवडे चांगले राहतात. खाताना तुकडा न वितळवताच तव्यावर तेलकट बाजू खाली ठेवून, झाकण घालून, मंद आचेवर पाच-सात मिनिटं तापवा आणि शेवटचं मिनिटभर झाकण काढा.